आई भारतीय, बाबा जर्मन, लेक स्टुटगार्टची: पासपोर्ट कुठला काढायचा?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही मूळच्या नाशिकच्या. भारतीय पासपोर्टवर स्टुटगार्टला राहता, नवरा जर्मन, लग्न रीतसर नोंदलेलं. मुलगी तिथेच झाली, आता चार महिन्यांची आहे. तुमचे वडील म्हणतात, ‘भारतीय पासपोर्ट आत्ताच काढून ठेव, जर्मन काय कधीही मिळेल. अठरा वर्षांपर्यंत दोन्ही चालतात, पुढे तिचं ती बघेल.’ नवरा म्हणतो, जर्मन काढा आणि विषय संपवा. डिसेंबरात तिला घेऊन घरी यायचंय. शिवाय दिंडोरीकडची द्राक्षबाग नातीच्या नावावर करायचं वडिलांच्या मनात आहे, आणि भारतीय पासपोर्टचा आग्रह मुख्यतः त्यासाठी आहे.

मी पुण्यात वकिली करते. आईबाबांचे देश वेगळे असलेल्या मुलांची कागदपत्रं हे माझं नेहमीचं काम. येणारी बहुतेक जोडपी ‘कुठला पासपोर्ट काढू’ इथूनच सुरुवात करतात. मी त्यांना एक पायरी मागे नेते. पासपोर्ट हा नागरिकत्वाचा पुरावा झाला. नागरिकत्व कायद्यानं मिळतं, कुठे आपोआप, कुठे नोंद केल्यावर. म्हणून पहिला प्रश्न असा: आज, कुणी एकही अर्ज केलेला नसताना, ही मुलगी कोणत्या देशाची नागरिक आहे?

तुमच्या बाबतीत उत्तर स्वच्छ आहे. ती जर्मनीची नागरिक आहे, आणि आजच्या घडीला फक्त जर्मनीची. जर्मन कायद्यात जन्माच्या वेळी आई किंवा बाबा यांपैकी एक जण जर्मन असला की मूल जर्मन. अर्ज नाही, शपथ नाही. (आईबाबांचं लग्न झालेलं नसेल आणि फक्त बाबा जर्मन असतील, तर पितृत्व कायदेशीर मान्य झाल्याचा कागद लागतो. तुम्हाला तो लागणार नाही.)

भारताचं गणित वेगळं आहे. १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचं कलम ४ परदेशात जन्मलेल्या मुलांबद्दल आहे. १० डिसेंबर १९९२ च्या आधी जन्मलेल्यांना नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं. आई भारतीय असून उपयोग नव्हता. त्या तारखेपासून आई किंवा वडील, कुणीही एक भारतीय असला तरी पुरतं. पण ३ डिसेंबर २००४ पासून आणखी एक अट आली. जन्माची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात झाली पाहिजे, आणि मुलाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईवडिलांनी लेखी दिलं पाहिजे. नोंद नाही, तर नागरिकत्वही नाही. वर्ष उलटल्यावर नोंदीसाठी केंद्र सरकारची परवानगी लागते.

म्हणजे तुमच्याकडे अजून आठ महिने आहेत. ते वापरायचे का, हा तुमचा खरा प्रश्न.

आता ‘अठरापर्यंत दोन्ही चालतात’ हे आलं कुठून ते सांगते, कारण यात अर्धं खरं आहे आणि त्या अर्ध्यामुळेच लोक फसतात. याच कलमात म्हटलंय की असं नोंदलेलं अज्ञान (म्हणजे अठरा वर्षांखालचं) मूल दुसऱ्या देशाचंही नागरिक असेल, तर सज्ञान झाल्यापासून सहा महिन्यांत त्यानं ते दुसरं नागरिकत्व सोडलं पाहिजे, नाहीतर भारतीय नागरिकत्व जातं. म्हणजे मूल जन्मानं दोन देशांचं असू शकतं हे कायद्याला मान्य आहे. पण दुसऱ्या देशाचा पासपोर्ट त्याच्या हातात असणं मान्य नाही. नोंदणीच्या वेळचं ते प्रतिज्ञापत्र त्यासाठीच असतं. दोन नागरिकत्वं काही वर्षं एकत्र नांदू शकतात, दोन पासपोर्ट नाहीत. आणि सज्ञान भारतीयानं परदेशी पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व तिथेच संपतं, हा नियम तर जुनाच आहे. सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्येच तो उचलून धरला.

‘मग जर्मन पासपोर्ट न काढता भारतीय काढू’ असा पुढचा विचार येतो. कायद्याच्या कागदावर हे बसतं. स्टुटगार्टला राहणाऱ्या घरात बसत नाही.

समजा, तुम्ही एवढं सगळं केलंत आणि मुलीला भारतीय पासपोर्टवर डिसेंबरात नाशिकला आणलंत. येताना फारशी अडचण आली नाही. जानेवारीत मुंबई विमानतळावर परतीच्या काउंटरवर उभ्या आहात. काउंटरवरची मुलगी तुमच्या पासपोर्टसोबतचं निवास परवान्याचं कार्ड बघते, ते ठीक आहे. मग बाळाचा पासपोर्ट उघडते आणि जर्मनीचा व्हिसा किंवा निवास परवाना शोधते. तो नाहीच. आणि तो कधी मिळणारही नाही, कारण जर्मनीचा निवास परवान्याचा कायदा परदेशी माणसांसाठी आहे आणि तुमची मुलगी त्या कायद्याच्या नजरेत परदेशी नाही. जर्मन वकिलातही तिला व्हिसा देणार नाही. जर्मन माणसाला जर्मनीचा व्हिसा कसा द्यायचा? ते म्हणतील, जर्मन पासपोर्ट काढा. तो काढलात की भारतात लिहून दिलेलं प्रतिज्ञापत्र मोडलं. दोन्ही पासपोर्ट जवळ ठेवून एका ठिकाणी हा आणि दुसऱ्या ठिकाणी तो दाखवू असा सल्ला देणारे ओळखीत पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. पासपोर्ट कायदा १९६७ मध्ये नागरिकत्वाबद्दलची माहिती दडवण्याला कैदेची शिक्षा आहे, आणि इथे सही तुमची असते, बाळाची नाही.

त्यामुळे पुढची काही वर्षं तरी जर्मनीत राहणार असाल, तर माझं उत्तर सरळ आहे: जर्मन पासपोर्ट आणि त्यावर ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड. तुमच्या नवऱ्याचा निष्कर्ष बरोबर आहे, फक्त ‘विषय संपवा’ एवढं सोपं नाही.

ओसीआय म्हणजे दुहेरी नागरिकत्व नव्हे. नावात ‘सिटिझन’ असलं तरी व्यवहारात तो आयुष्यभराचा, कितीही वेळा ये-जा करता येणारा व्हिसा आहे, सोबत काही हक्क. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही. पण मुलगी भारतात हवं तेवढं राहू शकेल, शाळेत जाऊ शकेल, मोठी झाल्यावर बहुतेक खासगी नोकऱ्या करू शकेल. पोलिसांकडे परदेशी म्हणून नोंद करावी लागत नाही. आईबाबांपैकी एक जण भारतीय नागरिक असलं की अज्ञान मूल पात्र ठरतं, तेव्हा तुम्ही आज भारतीय आहात एवढं पुरेसं आहे. एक अपवाद कडक आहे: आईबाबा, आजीआजोबा किंवा पणजीपणजोबा यांच्यापैकी कुणी कधीही पाकिस्तान किंवा बांगलादेशाचं नागरिक असेल, तर ओसीआय मिळत नाही. तुम्हाला हे लागू नाही, पण वाचणाऱ्यांपैकी कुणाला तरी असेल.

वडिलांची भीती अशी दिसते की आत्ता नोंद केली नाही तर भारताचं दार कायमचं बंद होईल. तसं नाही. ओसीआय कार्ड पाच वर्षं असलेली सज्ञान व्यक्ती, अर्जाआधीचे बारा महिने भारतात राहिली असेल, तर कलम ५ खाली भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. जर्मन नागरिकत्व तेव्हा सोडावं लागेल, पण तो निर्णय ती स्वतः, समजून, मोठेपणी घेईल. ‘तिचं ती बघेल’ हेच वडिलांना हवं होतं ना?

उत्तर कुठे बदलतं तेही सांगते. येत्या वर्षभरात तुम्ही दोघं कायमचे पुण्याला किंवा नाशिकला परतणार असाल, तर भारतीय नोंदणीचा विचार करण्यात अर्थ आहे, आणि त्याचं मोठं कारण शिक्षण. ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेनं नीट, जेईई यांसारख्या परीक्षांत ओसीआय मुलांना अनिवासी भारतीयांच्या जागांपुरतं मर्यादित केलं. फक्त भारतीयांसाठी असलेल्या जागा त्यांना मिळत नाहीत. पुढे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हे त्या तारखेनंतर दिलेल्या कार्डांनाच लागू. तुमच्या मुलीचं कार्ड अर्थातच नंतरचं. तिचं अख्खं शिक्षण महाराष्ट्रात होणार असेल आणि पुढे सरकारी मेडिकल कॉलेजचा विचार असेल, तर फरक लाखांच्या फीचा आहे. पण चार महिन्यांच्या बाळाच्या नीटसाठी आज स्टुटगार्टमधलं आयुष्य अडचणीत घालणं मला पटत नाही. हे माझं मत झालं, कायदा नव्हे.

इथे एक गोष्ट आमच्याकडच्या रिवाजामुळे नेहमी समोर येते. बऱ्याच मुली पहिल्या बाळंतपणाला माहेरी येतात. तुम्ही आला असतात आणि लेक नाशिकला जन्मली असती, तर कलम ४ चा संबंधच उरला नसता. भारतात जन्म, आई भारतीय, बाबा वैध व्हिसावर: अशी मुलगी कलम ३ खाली जन्मानंच भारतीय, दूतावासातली नोंद नाही की प्रतिज्ञापत्र नाही. बाबांमुळे ती जर्मनही असतीच. मग जर्मन पासपोर्ट काढून तिला घेऊन जाताना अडचण उलट्या बाजूनं आली असती: परदेशी पासपोर्टवर भारतातून बाहेर पडणाऱ्या बाळाच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा नाही, म्हणून एफआरआरओकडून (परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून) बाहेर जाण्याची परवानगी काढावी लागते. दुसऱ्या वेळी माहेरी यायचा बेत असेल तर हे आधीच लक्षात ठेवा. विमानाची तिकिटं त्या परवानगीच्या हिशेबानं काढा.

आणि हे उत्तर वाचून प्रत्येकानं ‘परदेशी पासपोर्ट अधिक ओसीआय’ असं सूत्र पाठ करू नये, म्हणून एक अगदी उलटी परिस्थिती सांगते. आई भारतीय, बाबा ब्रिटिश, बाळ दुबईला. ऐकायला तुमच्यासारखंच. पण बाबा स्वतः ब्रिटनबाहेर जन्मलेले असतील आणि त्यांचं नागरिकत्व वंशानं आलेलं असेल, तर ते पुढच्या पिढीला बहुधा आपोआप जात नाही; ब्रिटनबाहेर ते एकाच पिढीपुरतं चालतं. संयुक्त अरब अमिरातीत नुसत्या जन्मानं नागरिकत्व मिळत नाही. म्हणजे आजच्या घडीला ते बाळ कुणाचंच नाही. अशा घरात भारतीय दूतावासातली एका वर्षाची मुदत हीच त्या बाळाची पहिली आधाराची जागा. तिथे मी म्हणेन, आधी भारतीय नोंद करा, ब्रिटिश नोंदणीचं नंतर पाहू. बाबा जपानी असतील तर मुदत आणखी कमी: जपानबाहेर जन्मून दुसरंही नागरिकत्व मिळालेल्या बाळाचं जपानी नागरिकत्व राखून ठेवायला जन्मापासून तीन महिन्यांत कळवावं लागतं. बाबा अमेरिकन असतील आणि बाळ अमेरिकेबाहेर झालं असेल, तर बाळाच्या जन्माआधी बाबा अमेरिकेत किमान पाच वर्षं, त्यातली दोन वयाच्या चौदाव्या वर्षानंतर, राहिले होते का हे सिद्ध करावं लागतं. म्हणून पहिला प्रश्न नेहमी तोच: आत्ता, काहीही न करता, बाळ कुणाचं आहे?

आता तुम्ही विचारलेलं नाही, पण मला विचारावंसं वाटतं: तुम्ही स्वतः जर्मन नागरिकत्व घेणार आहात का? २७ जून २०२४ पासून जर्मनीनं दुसरं नागरिकत्व ठेवायला मुभा दिली, तेव्हापासून बरेच भारतीय याचा विचार करताहेत. जर्मनीनं मुभा दिली म्हणून भारत देत नाही. तुम्ही जर्मन झालात की भारतीय राहणार नाही आणि तुम्हालाही ओसीआय घ्यावं लागेल. मुलीचं ओसीआय असेल तर त्याला धक्का लागत नाही. पण तिची भारतीय नोंद केली असेल आणि तुम्ही भारतीय नागरिकत्वाचा रीतसर त्याग केलात, तर कलम ८ प्रमाणे अज्ञान मुलीचंही नागरिकत्व त्यासोबत जाऊ शकतं. सज्ञान झाल्यावर एका वर्षात परत मागता येतं, पण तो आणखी एक खटाटोप. म्हणून तुमचा हा निर्णय आधी ठरू द्या.

कागदांकडे वळू. स्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-व्युर्टेम्बर्गचं काम म्युनिकच्या भारतीय वाणिज्य दूतावासाकडे येतं. अर्ज अडकतात ते बहुतेक वेळा नावांवरून. आपल्याकडे पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, समजा ‘मीनल दत्तात्रय’. जर्मन नोंदणी कार्यालय पासपोर्ट पाहून दोन्ही नावं तुमचीच म्हणून जन्मदाखल्यात उतरवतं, आणि तेच बरोबर आहे. घोटाळा पुढे होतो: ओसीआयच्या अर्जात तुम्ही सवयीनं आईचं नाव नुसतं ‘मीनल’ लिहिता, किंवा लग्नानंतरचं आडनाव घालता, जे पासपोर्टवर नाहीच. जन्मदाखला, तुमचा पासपोर्ट आणि अर्ज यांत आईचं नाव अक्षरशः एकच हवं. नवऱ्याच्या आडनावात दोन टिंबांचा ‘ऊ’ किंवा ‘ओ’ असेल, तर जर्मन पासपोर्टच्या तळाच्या यंत्रानं वाचायच्या ओळीत तो दोन रोमन अक्षरांनी लिहिलेला दिसेल. अर्ज आणि तिकीट त्या ओळीप्रमाणे भरा. जन्मदाखला नोंदणी कार्यालयाकडून आंतरराष्ट्रीय नमुन्यातला मागा. त्यावर इंग्रजी असतं, भाषांतराचा खर्च वाचतो.

मुलांसाठीचा वेगळा छोटा पासपोर्ट जर्मनीनं १ जानेवारी २०२४ पासून बंद केलाय. आता बाळालाही नेहमीचाच पासपोर्ट मिळतो, सहा वर्षांच्या मुदतीचा. तुमची दोघांची संमती लागते. तो हातात आल्यावरच ओसीआयचा अर्ज. सहीच्या जागी बाळाचा अंगठा द्यायचा असतो. तो बाळ गाढ झोपलेलं असताना घ्या, शाई अगदी थोडी लावा आणि चौकटीबाहेर जाऊ देऊ नका. जागेपणी केलेत तर मूठ उघडणार नाही आणि अर्ज पुन्हा छापावा लागेल. मुलगी वीस वर्षांची होईपर्यंत प्रत्येक नव्या पासपोर्टनंतर नवा फोटो आणि पासपोर्टची प्रत तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन चढवायची. विशीनंतरच्या पहिल्या पासपोर्टवर कार्ड नव्यानं घ्यायचं.

डिसेंबरपर्यंत कार्ड आलं नाही तर? घाबरू नका. जर्मन पासपोर्टवर तिचा ई-व्हिसा काढा आणि या. नवऱ्यालाही लग्नाला दोन वर्षं झाल्यावर ओसीआय मिळू शकतं, मात्र त्याचं कार्ड लग्नाशी बांधलेलं आहे, मुलीचं नाही.

राहिली द्राक्षबाग, आणि इथे वडिलांना थोडं निराश करावं लागणार. भारतीय पासपोर्टनं शेतीचा प्रश्न सुटेल असं त्यांना वाटतंय, पण फेमा या परकीय चलनाच्या कायद्याचे नियम फक्त पासपोर्ट बघत नाहीत, माणूस राहतो कुठे हेही बघतात. परदेशात राहणारा भारतीय काय आणि ओसीआयवाला काय, दोघांनाही शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीसपत्रानंही घेता येत नाही. म्हणजे नातीला आज भारतीय पासपोर्ट मिळाला तरी ती स्टुटगार्टला राहते तोवर आजोबा तिला बाग बक्षीस देऊ शकत नाहीत, तुम्हालाही नाही. वारसाहक्कानं मात्र दोघींना मिळू शकते, आणि त्यासाठी तिच्या जर्मन पासपोर्टची आडकाठी नाही. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीयालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी असावा लागतो. तेव्हा वडिलांनी बक्षीसपत्राचा मसुदा करून घेतला असेल, तर तो नोंदवू नये. नाशिकच्याच एखाद्या महसुलाची कामं करणाऱ्या वकिलाकडून मृत्युपत्र करून घ्यावं. त्यात नातीचं नाव जर्मन जन्मदाखल्यात आहे अगदी तसंच लिहावं, म्हणजे पुढे सातबाऱ्यावर वारस लावताना तलाठ्यासमोर ही नात कोण, हे सिद्ध करत बसावं लागणार नाही.